कॅरॅव्हॅनचं सांडपाणी: ढाळ, हवा आणि टाकी

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, सिद्धटेकचा गणपती आहे. म्हणजे अशा गाड्या येणार, आणि त्यांच्या सिंकचं पाणीही.

सिंक तुंबत असेल तर मी तीन गोष्टी बघायला सांगेन.

पहिली, ढाळ. पाइपला मीटरमागे साधारण 2 सेंटिमीटर उतार द्या. गाडी तिरकी उभी केली की तो उतार जातो, म्हणून आधी गाडी लेव्हलला आणा.

दुसरी, हवा. टाकीत पाणी शिरतं तेव्हा आतली हवा बाहेर पडायला हवी. टाकीवरून छतापर्यंत वेगळी नळी काढा, गुडगुड थांबते.

तिसरी, वजन. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. 60 लिटरची टाकी भरली की 60 किलो! म्हणून टाकी ॲक्सलजवळच बसवा.

आणि रिकामी कुठे करायची? माळावर नको, तिथे काळवीट चरतात. भीमेतही नको, ते पाणी खालची गावं वापरतात. मुक्कामाला शोषखड्डा किंवा गटारजोड आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. तोपर्यंत व्हॉल्व्ह बंद!

भेटू पुढच्या भागात.