श्वास रोखायचा नाही

गोंदिया जिल्ह्यातल्या पोराची पाण्याशी ओळख होते ती तलावात. नवेगावबांध असो की गावचा मालगुजारी तलाव, छाती भरून घ्यायची, नाक दाबायचं आणि बुडी मारायची. मासे धरणारी ढीवर मंडळी अडकलेलं जाळं सोडवायला अशीच खाली जातात. सिंधुदुर्गात निवतीसमोरच्या खडकांपाशी सिलिंडर पाठीला बांधून उतरायचं, तर अंगात मुरलेली हीच सवय मोडावी लागते. इथला पहिला नियम म्हणजे श्वास रोखायचा नाही.

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो; वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट. ढीवराच्या छातीतली हवा खाली दबते नि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. सिलिंडरचा रेग्युलेटर मात्र भोवतालच्या दाबाचीच हवा देतो. वीस मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येता येता तिप्पट फुगू पाहते. घाबरून, तोंड मिटून कुणी वर झेपावलं तर फुफ्फुस फाटू शकतं.

दोर धरून हळूहळू उतरायचं. कानात दडा बसायच्या आत नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे, तेही पुन्हा पुन्हा. खाली कातळाच्या कपारीत एक मासा दिसला, राखाडी, मळकट. वाटाड्यानं विजेरीचा झोत टाकला आणि तो लालभडक झाला. तांबोशी! पाणी सगळ्यात आधी तांबडा रंग गिळतं, म्हणून बाजारात डोळ्यांत भरणारा हा मासा स्वतःच्या घरात लपून राहतो. त्याच्यासमोर स्थिर राहायला हात मारावे लागत नाहीत. श्वास घेतला की अंग किंचित वर उचलतं, सोडला की बसतं. एवढ्यावर ताबा आला की कातळावरच्या प्रवाळाला पाय लागत नाही.

वर येणं उतरण्याहून सावकाश. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईनं सुटला तर बुडबुडे धरतो. म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

आमच्याकडे गोंदियात तलावात कुणी बुडालं की आधी ढीवरांना हाक जाते. गढूळ पाण्यात, चिखल चाचपत, एका श्वासावर ती माणसं शोध घेतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथं ढीवरांच्या घरांतल्या पोरांसाठी दरवर्षी चार जागा राखून ठेवाव्यात, आणि शिकून आल्यावर सिलिंडर गोंदियातच भरून मिळावेत.