प्रतिपादन, कर्नेलमधील
आज्ञावलीतील विशिष्ट ठिकाणी जी अट सत्य असलीच पाहिजे असे कर्त्याचे गृहीत असते, ती तेथेच लिहून आज्ञावली चालू असताना पडताळण्याची योजना म्हणजे प्रतिपादन होय. व्यवहारात तिला ‘असर्शन’ म्हणतात. कर्नेल हा प्रचालन प्रणालीचा गाभा असून स्मृती, प्रक्रिया व उपकरणे त्याच्या नियंत्रणाखाली असतात. सामान्य कार्यक्रमातील प्रतिपादन खोटे ठरल्यास तो कार्यक्रम तेवढा बंद पडतो. कर्नेलमध्ये मात्र सगळे यंत्रच थांबू शकते.

मूळ कल्पना ॲलन ट्यूरिंग यांनी १९४९ मध्ये केंब्रिज येथे मांडली. रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) व टोनी होअर (१९६९) यांनी तिला तर्कशास्त्रीय रूप दिले. युनिक्सच्या प्रारंभीच्या कर्नेलमध्ये गंभीर विसंगती आढळताच ‘पॅनिक’ हे फलन संदेश छापून यंत्र थांबवीत असे. बिघडलेली माहिती तबकडीवर लिहिली जाण्यापेक्षा थांबणे बरे, हा त्यामागील विचार.

लिनक्समधील (१९९१) ‘बग_ऑन’ याच विचाराचे. त्यातील उणीव अनुभवाने कळली. कर्नेलने एखादे कुलूप धरलेले असताना तो थांबला, तर नोंद तबकडीवर पोहोचण्यापूर्वीच यंत्र गोठते आणि दोष दाखविण्यासाठी घातलेली तपासणीच त्याचा पुरावा नाहीसा करते. यातून ‘वॉर्न_ऑन’ पुढे आले. ते फलनांच्या आवाहनक्रमासह इशारा नोंदवून काम चालू ठेवते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरामुळे तुटते. अशा ठिकाणी थांबलेले यंत्र पाहण्यास तज्ञ कोठून येणार? अँड्रॉइड दूरध्वनींतही लिनक्सचाच कर्नेल असल्याने हा प्रश्न घरोघरचा आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ४·८ ही आवृत्ती निघाली. तीत अखेरच्या क्षणी समाविष्ट झालेले एक ‘बग_ऑन’ खोटे ठरून कर्नेल कोसळू लागला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी या प्रथेवरच कठोर टीका केली. २०२२ मध्ये नवे ‘बग_ऑन’ टाळण्याचा नियम लेखनसंकेतांत लिहिला गेला. तथापि सुरक्षितता अखंड सेवेहून महत्त्वाची असेल तेथे इशारा मिळताच यंत्र थांबविण्याची सोय २०१५ पासून आहे. ही विसंगती नसून निर्णय लेखकाकडून यंत्रचालकाकडे सोपविणे होय.

खर्चिक तपासण्या बहुधा चाचणीच्या बांधणीतच ठेवतात. फ्रीबीएसडीमधील ‘केअसर्ट’ तशी बांधणी नसल्यास लुप्त होते. संरचनेच्या आकारमानासारख्या अटी तर भाषांतरकच पडताळतो, व त्या खोट्या ठरल्यास कर्नेल तयारच होत नाही.