जुनी लाँच आणि तिचा जनरेटर : टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक प्रश्न आम्ही तीसेक वर्षं फळ्यावर लिहीत आलो. प्लूटार्कने सांगितलेली थीसियसच्या जहाजाची हकीकत तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं तीस वल्ह्यांचं जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, तिथे नवी बसवायची. असं करता करता ते जहाज तेच राहिलं का? यावर तास छान रंगायचा. आमच्या हातून मात्र तोवर एकही फळी बदललेली नव्हती.

निवृत्तीनंतर आम्ही चौघांनी राजपुरीच्या खाडीतली एक जुनी लाकडी लाँच घेतली. चौघेही पुण्याचे. समुद्राचा अनुभव एवढाच की जंजिरा पाहायला जाताना होडीत बसलेलो. ताम्हिणी घाटातून किती खेपा झाल्या ते आता मोजत नाही. आज त्या खेपांतून जे कळलं त्याविषयी बोलू.

पहिली गोष्ट सुताराने शिकवली. तो लाँचभोवती फिरत लहान हातोडीने फळी न् फळी वाजवत गेला. आपण मडकं घेताना वाजवून घेतो ना, तसं. चांगलं सागवान ठणठणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथे बद्द वाजलं तिथे त्याने टोच्या घातला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. आमची समजूत अशी, की जो भाग सतत पाण्यात तोच आधी कुजणार. झालं उलटंच. पाण्याखालच्या फळ्या बऱ्याच धड निघाल्या. कुजलं होतं ते वर, छताच्या सांध्यात, जिथे पावसाचं गोडं पाणी झिरपून साठत होतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, गोडं पाणी आणि कोंदट हवा मानवते. खाऱ्या पाण्यातला शत्रू निराळा. तो लाकूड पोखरणारा किडा, आणि त्याच्यासाठी तळाला लेप द्यावा लागतो. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून वर घेतात आणि झावळ्यांनी शाकारतात, ते उगीच नाही. आमची लाँच मात्र दोन पावसाळे उघडी राहिली होती.

लोखंडी खिळ्यांचीही तीच कथा. खिळा गंजतो, फुगतो आणि आपल्याभोवतीचं लाकूड खातो. बाहेरून फळी धड दिसते, पण तिला धरून ठेवणारं काहीच उरलेलं नसतं.

आता किती बदलायचं? आमच्यातला एक जण म्हणत होता, सगळंच काढा, नवं करा. दुसऱ्याला प्रत्येक जुनी फळी वाचवायची होती. इथे आम्हाला नैयायिक आठवले. त्यांच्या मते वस्त्र म्हणजे नुसता धाग्यांचा ढीग नव्हे, धाग्यांहून वेगळा असा एक अवयवी असतो. पण त्यातला एक धागा काढलात, की ते वस्त्र नष्ट झालं. उरतं ते नवं, खंडपट. म्हणजे आपल्या अंगावरचा सदरा उसवत असताना आपण किती सदरे घालून होतो कोण जाणे! वर्गात मुलं यावर हसायची, आम्हीही हसायचो. लाँचखाली उताणं पडल्यावर यातला कडकपणा उपयोगी वाटला. फळी बदललीत ना, मग जुन्या लाँचच्या नावावर नव्या लाँचला विश्वास उसना देऊ नका. तिला पुन्हा तपासा.

व्यवहारात ‘तीच का?’ हा प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर ठरतं. नोंदणीच्या कागदाला क्रमांक पुरतो. ज्याने पूर्वी ती चालवली त्या तांडेलाला नाळेचा बाक आणि सुकाणूचा हाताला लागणारा ओढा पुरे. प्रवाशाला मात्र ती तीच आहे की नाही याच्याशी कर्तव्य नाही. ती बुडणार नाही ना, एवढंच त्याला हवं. शेवटी पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि बहुतेक वाक आम्ही ठेवले. छत आणि वरच्या फळ्या बदलल्या. चांगलं सागवान किती टिकतं याची साक्ष हवी असेल तर ‘ट्रिंकोमाली’ पाहा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

लाँच पाण्यात उतरवली त्या रात्री आम्ही घाबरलो, कारण ती गळत होती. तांडेल शांत. सुकलेलं लाकूड आकसतं, पाण्यात पडलं की फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. तोवर पंप चालू ठेवायचा आणि जागायचं.

आता जनरेटरकडे वळू, कारण खरा धडा तिथे मिळाला. मूळचा डिझेल जनरेटर बंद होता. पंप आणि दिवे चालावेत म्हणून आम्ही एक लहान पेट्रोलचा जनरेटर आणून मागच्या बाजूला ठेवला. आवाज फार, म्हणून त्याच्यावर प्लायवूडची पेटी केली. आम्हाला वाटलं, अडचण आवाजाची आहे. संध्याकाळी केबिनमध्ये बसलो असताना दोघांचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. आम्ही म्हणालो, बोट लागली असेल. तेवढ्यात तांडेल आत डोकावला आणि म्हणाला, “बांधलेल्या बोटीत बोट लागत नाय, सर. आधी भायेर या.” बाहेर आल्यावर अर्ध्या तासाने हुशारी आली. पुढे दवाखान्यातही गेलो.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. लक्षणं अगदी बोट लागल्यासारखी, त्यामुळे माणूस फसतो. आणखी थोडा वेळ गेला की उठून बाहेर जाण्याचं भानही राहत नाही. वारा मागून येत होता, धूर पेटीतून सरळ केबिनमध्ये शिरत होता. पेट्रोलचा सुटा जनरेटर बोटीवर, बंदिस्त जागेजवळ चालवायचाच नाही, हा नियम त्या दिवसापासून. डिझेलच्या इंजिनातून हा वायू पुष्कळ कमी निघतो, पण निघतोच. म्हणून केबिनमध्ये आता त्याचा अलार्म बसवला आहे आणि धुराच्या पाइपाचा प्रत्येक सांधा दर खेपेला हाताने आणि डोळ्यांनी तपासतो.

मग मूळचा जनरेटर दुरुस्तीला घेतला. टाकीच्या तळाशी पाणी होतं, आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे काळपट, बुळबुळीत गाळ. त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर तुंबवतात. टाकी अर्धी ठेवली की रिकाम्या जागेतल्या हवेचं दव धरतं, म्हणून पावसाळ्याआधी ती भरून ठेवायची. थंड करायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप असतो. त्यातलं रबरी इम्पेलर कोरडं पडून ताठरलं होतं. ते बदललं. त्याची पाती तुटली असतील तर सगळे तुकडे मोजून बाहेर काढावे लागतात, नाहीतर ते पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतात.

इंजिन सुरू झालं, फेरे बरोबर १५०० आले. चार ध्रुवांच्या जनरेटरला एवढे फेरे लागतात. सेकंदाला २५ फेरे, ध्रुवांच्या जोड्या २, म्हणून ५० हर्ट्झ. सगळं ठीक, पण वीज शून्य. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “विसरलाय तो.” आम्हाला वाटलं गंमत करतोय. पण ते अक्षरशः खरं होतं. अशा जनरेटरमध्ये लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहिलेलं असतं. त्या शिलकीवर पहिली किंचित वीज निर्माण होते, ती वीज चुंबकत्व वाढवते, मग वीज वाढते. फार दिवस नुसता पडून राहिला की ती शिल्लक पुसट होते. त्याने १२ व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला, ध्रुव नीट पाहून, आणि दिवे लागले. (हे घरी करून पाहू नका. चुकलं तर आतला रेग्युलेटर जळतो.)

वैशेषिकांच्या चोवीस गुणांत संस्कार हा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. स्मृतीचं कारण जी भावना, ती त्यांनी फक्त आत्म्याला दिली; लोखंडाला दिली नाही. आम्ही हे आयुष्यभर शिकवलं, आणि त्या दिवशी धक्क्यावर उभं राहून पहिल्यांदा वाटलं, की यावर त्यांच्याशी भांडायला हवं.

तरी काही महिन्यांत धूर तेलकट येऊ लागला. आम्ही जपून वापरत होतो, दोन दिवे आणि एक पंखा. मेकॅनिक वैतागला. “त्याला बसून खायची सवय लावलीत तुम्ही.” डिझेल इंजिन फार कमी भारावर चालवलं तर पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि आत काजळी धरते. आता महिन्यातून एकदा कोणी तरी जातो. तासभर पंप, चार्जर, पाणी तापवायचा हीटर, सगळं एकदम लावून त्याला निम्म्याहून अधिक भार देतो, मग पाच मिनिटं भाराविना चालवून बंद करतो. वहीत तास लिहितो. या महिन्याची पाळी आमची आहे, त्यामुळे पुढच्या रविवारचं व्याख्यान सकाळऐवजी संध्याकाळी होईल.