गीझरवरचा पांढरा थर आणि मालावीचे मासे

पुण्याजवळच्या माणमधल्या एखाद्या सोसायटीत गीझरची कॉइल काढून बघा. खडूसारखा जाड, पांढरा थर! टँकरचं नि बोअरचं पाणी बाथरूमचे नळही असेच पांढरे करून ठेवतं. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपताना या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरतं. केस राठ होतात, डाळ शिजता शिजत नाही. पण घरात चार फुटी फिशटँक ठेवायचा असेल, त्यात आफ्रिकन सिक्लिड मासे सोडायचे असतील, तर? मग हेच पाणी म्हणजे लॉटरी!

कारण पूर्व आफ्रिकेतलं मालावी सरोवर. लांबी सुमारे 580 किलोमीटर, कमाल खोली सुमारे 700 मीटर आणि पाणी असंच अल्कधर्मी, पीएच 7.8 ते 8.6. त्या एका सरोवरात सिक्लिडच्या आठशेच्या आसपास जाती! उलट अ‍ॅमेझॉनच्या डिस्कस माशाला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. दोघेही सिक्लिडच, दुकानात शेजारशेजारच्या टाक्यांत पोहतात. पण त्यांना एका टाकीत कोंबणं मला क्रूरपणा वाटतो. रंग नंतर बघा, आधी नळाचं पाणी तपासा.

एका सरोवरात इतक्या जाती मावल्या तरी कशा? माशाच्या घशात डोकवा. तिथे आणखी एक जबडा असतो, दातांसकट! पुढचा जबडा घास घेतो, मागचा जात्यासारखा दळतो. चावायचं काम मागे गेल्यामुळे पुढचं तोंड मोकळं झालं आणि एकेका जातीनं ते आपापल्या कामासाठी घडवलं. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडतं, कुणी कपारीतले किडे टिपतं, कुणी दुसऱ्याचे खवले ओरबाडतं. म्हणून सोबती निवडताना पोटही जुळावं लागतं. शेवाळ खाणाऱ्याला रोज मांसाहार घातलात तर त्याचं पोट फुगतं, तो आजारी पडतो.

आणि भांडणं? या माशांची भांडणं बघण्यासारखी असतात, कारण मासेही ती बघत असतात. 2007 साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका आफ्रिकन सिक्लिडला काचेपलीकडच्या पाच नरांच्या झुंजी दाखवल्या: पहिल्यानं दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं पाचव्यापर्यंत. दुसरा आणि चौथा समोरासमोर त्यानं कधीच पाहिले नव्हते. तरी त्या दोघांपुढे सोडल्यावर तो चौथ्याकडे, म्हणजे कमजोर गड्याकडे वळला! जत्रेच्या फडावर बसून कोण कुणाला लोळवेल याचा हिशेब मांडणाऱ्या जाणत्या माणसासारखा.

मग अडीचशे लिटरच्या टाकीत शांतता नांदवायची कशी? गर्दी करून! तीन-चारच मासे असले तर दांडगा नर एकालाच धरून छळतो. बारा-पंधरा असले की त्याचा राग वाटला जातो. एका नरामागे दोन-तीन माद्या, भरपूर दगड-कपारी, दणकट फिल्टर आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं. सुरुवात पिवळ्याधमक यलो लॅबपासून करावी. त्यातल्या त्यात सोशिक मासा. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न मात्र यात नको. फ्लॉवरहॉर्न एकटाच बरा.

तळाशी सोबतीला सिनोडोंटिस कॅटफिश ठेवता येतो. त्यातली टांगानिका सरोवरातली एक जात तर पाण्यातली कोकिळाच! सिक्लिडची मादी अंडी घालून तोंडात घेत असते, त्या गडबडीत ही आपली अंडी तिथे सोडते. मादी तीही उचलते. कॅटफिशची पिल्लं तिच्या तोंडात आधी अंड्यांतून बाहेर येतात आणि तिचीच पिल्लं खातात.

हे सारं फार दूरचं वाटतं? मुळा नदीच्या काठी गळ टाकून बसलेल्याला विचारा, काय लागलं. बहुधा चिलापी! ती मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली आणि चक्क सिक्लिडच. तिच्या घशातही तोच दुसरा जबडा. नर तळाच्या चिखलात ताटासारखा खळगा करतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं पोहायला लागली तरी सावली हलायचा अवकाश, सगळी पुन्हा आईच्या तोंडात.