पाळीव पोपटाचा समतोल आहार

माणसाच्या सहवासात राहणाऱ्या पक्ष्यांमध्ये पोपटाचे स्थान फार जुने आहे. पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची हे त्याचे खाद्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु पोपटाला आवडणारे अन्न आणि त्याच्या शरीराला आवश्यक असणारे अन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद न कळल्यामुळे भरल्या वाटीसमोरही पक्षी कुपोषित राहू शकतो.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे तेथे राहतात. अशा उंच इमारतींत अंगण नसते. म्हणून पक्ष्यांची आवड असणारे लोक सज्जात पिंजरा ठेवतात. सकाळी वाटीत धान्य भरून घरातील माणसे कामावर जातात. लहान पोपट दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात. त्यामुळे सायंकाळी वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात केवळ टरफलेच उरलेली असतात. म्हणून वाटीतील टरफले दररोज काढून टाकून आतील दाणे पाहणे, हा पोपटाच्या आहाराचा पहिला नियम होय.

कोणता पोपट पाळता येतो?

आपल्याकडील हिरवा राघू, करण पोपट इत्यादी भारतीय पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. बजरीगर आणि कॉकॅटिएल हे ऑस्ट्रेलियातील पोपट मात्र पाळता येतात. बाजारात बजरीगरलाच पुष्कळदा चुकीने ‘लव्ह बर्ड’ म्हटले जाते. आफ्रिकेतील करडा पोपट, मकाव यांसारख्या विदेशी जाती पाळणाऱ्यांनी २०२४च्या नियमांनुसार शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे.

केवळ बिया का पुरत नाहीत?

रानातील पोपट दिवसभर उडतो आणि फळे, फुले, कळ्या, कोवळी पाने व बिया असे नानाविध अन्न खातो. पिंजऱ्यात उडणे थांबते आणि अन्नातील विविधताही संपते. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये सुमारे निम्मे वजन तेलाचे असते; ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र फारच कमी असते. पोपट ही बी आवडीने वेचून खातो आणि बाकीचे दाणे टाकून देतो. परिणामी यकृतात चरबी साठते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी नाक, तोंड आणि श्वसनमार्ग यांच्या आतील आवरण बिघडते. तोंडात पांढरे ठिपके दिसणे, नाक वाहणे, पापण्या सुजणे ही त्याची लक्षणे होत. कॅल्शियम कमी पडले तर हाडे ठिसूळ होतात आणि मादीला अंडे घालणे कठीण जाते.

आहारात काय असावे?

मोठ्या पोपटांच्या आहाराचा अर्ध्याहून अधिक भाग ‘पेलेट’ या नावाने मिळणाऱ्या तयार गोळीखाद्याचा असावा, असे पशुवैद्य सामान्यतः सुचवतात. उरलेल्या भागात मुख्यतः भाज्या, थोडी फळे आणि अगदी मोजक्या बिया असाव्यात. बजरीगर व कॉकॅटिएल हे निसर्गतः गवताचे बी खाणारे असल्याने त्यांना राळा, नाचणी, बाजरी यांसारखे बारीक धान्य अधिक प्रमाणात चालते. तरी भाजी त्यांनाही हवीच.

यासाठी महागडे अन्न लागत नाही. कर्नाटकात भरपूर पिकणारी नाचणी कॅल्शियमने समृद्ध आहे. बंगळूरच्या बाजारात ‘नुग्गे सोप्पु’ या नावाने मिळणारा शेवग्याचा पाला, तसेच गाजर, लाल भोपळा आणि कोथिंबीर उपयुक्त आहेत. पालकातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम शोषू देत नाही. म्हणून पालक क्वचितच द्यावा. मिरची द्यायला हरकत नाही. पक्ष्यांना तिच्या तिखटपणाची जाणीव का होत नाही, याचे कारण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले: मिरचीतील दाहक द्रव्य ओळखणारी आपल्या शरीरातील यंत्रणा पक्ष्यांमध्ये त्या द्रव्याला प्रतिसाद देत नाही. पिकलेल्या लाल मिरचीतून तर त्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाची पूर्वद्रव्येही मिळतात.

काय देऊ नये?

अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट पोपटाला विषारी ठरतात. चहा, कॉफी, मद्य, कांदा, खारवलेले व तळलेले पदार्थ आणि सफरचंदाच्या बिया टाळाव्यात. दुधात भिजवलेली पोळी देण्याची प्रथाही योग्य नव्हे. कारण पक्ष्यांना दुधातील साखर पचवता येत नाही. चिरलेली फळे व भाज्या दोन-तीन तासांत काढून टाकाव्यात आणि पिण्याचे पाणी रोज बदलावे.

आहार कसा बदलावा?

बियांची सवय असलेला पक्षी नवीन अन्नाला अन्न म्हणून ओळखत नाही. ‘भूक लागली की खाईल’ असे समजून जुने खाद्य एकदम बंद करू नये. लहान पोपट एक-दोन दिवसांच्या उपासानेही दगावू शकतो. काही आठवड्यांत हळूहळू प्रमाण बदलावे. दर आठवड्याला छोट्या वजनकाट्यावर पक्ष्याचे वजन करावे. बजरीगरचे वजन साधारणतः ३० ते ४० ग्रॅम असते. त्यात चार-पाच ग्रॅमची घट ही गंभीर बाब आहे. पक्षी आपला आजार लपवतात; त्यामुळे डोळ्यांना दिसण्यापूर्वीच वजनकाटा धोक्याची सूचना देतो. अशा वेळी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे.

एखाद्याच्या घरी भारतीय पोपट असेल, तर दयेपोटी त्याला थेट खिडकीतून सोडू नये. आयते दाणे खाल्लेल्या पक्ष्याला रानात अन्न शोधता येत नाही. त्याला वनविभागाच्या किंवा वन्यजीव उपचार केंद्राच्या स्वाधीन करावे. बंगळूरमध्ये केंगेरी येथे ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’ या संस्थेचे असे रुग्णालय आहे.

रानातील पोपट आपले अन्न स्वतः निवडतो. पिंजऱ्यात ही निवड आपल्या हाती येते आणि तिच्याबरोबर पक्ष्याच्या आरोग्याची जबाबदारीही.

पाठगत प्रश्न

१. वाटी भरलेली दिसूनही पोपट उपाशी कसा राहू शकतो?
२. केवळ सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पोपटाला कोणते आजार संभवतात?
३. तुमच्या परिसरात मिळणाऱ्या भाज्या व धान्ये यांतून बजरीगरसाठी एका दिवसाचा आहार लिहा.