कच्च्या कैद्यांचे दात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेंगळुरूच्या जयनगरमध्ये कुणाचा दात दुखला, तर संध्याकाळपर्यंत दंतवैद्याची खुर्ची मिळते. त्याच शहराच्या आग्नेयेला, परप्पन अग्रहारच्या मध्यवर्ती कारागृहात, कैद्याला आधी तक्रार सांगावी लागते, मग नंबराची वाट पाहावी लागते. बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं ठरलं तर पोलीस बंदोबस्तही हवा. म्हणून अनेक जण दुखणं अंगावर काढतात आणि भरता आला असता तो दात शेवटी काढावा लागतो.

दात तुरुंगातल्या जेवणाने बिघडतात, असा सर्रास समज आहे. खरं तर पुष्कळ कैदी बिघडलेलं तोंड घेऊनच आत येतात. गरिबी, तंबाखू आणि दंतवैद्याची पायरी कधी न चढणं ही त्यामागची जुनी कारणं. आत ती वाढतात, एवढंच.

सगळ्यात चिवट गैरसमज मिश्रीचा. भाजलेल्या तंबाखूच्या या पुडीने हिरड्या घट्ट होतात, असं महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजही मानलं जातं. तंबाखूने ठणका थोडा वेळ बधिर झाल्यासारखा वाटतो. कीड मात्र आत पोखरतच राहते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि तिच्या सवयीने तोंड उघडणं हळूहळू कमी होतं.

हिरड्यांतून रक्त आलं की ब्रश बंद करणारे आत आहेत तसे बाहेरही. बहुतेकदा ते रक्त दातांवर साचलेल्या थरामुळे येतं, म्हणून घासणं थांबवलं की सूज वाढते. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, हाच पहिला उपाय. किटण काढल्याने दात हलू लागतात हेही खोटं. आधीच सैल झालेले दात किटण निघाल्यावर जाणवतात. वरचा दात काढल्याने नजर जाते, ही भीती तर पूर्ण निराधार आहे.

‘कैद्यांना कशाला एवढे लाड?’ असं विचारणाऱ्यांसाठी: संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनुसार प्रत्येक कैद्याला पात्र दंतवैद्याची सेवा मिळायला हवी. शिवाय २०२२ अखेर भारतातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे.

आत येताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत तोंड उघडून नीट पाहिलं, तरी पुष्कळ काही वेळीच कळेल. भेटीला जाणाऱ्या नातेवाइकांनीही आपल्या माणसाला विचारावं: तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? असेल, तर कारागृहाच्या डॉक्टरांना लगेच दाखवायला सांगावं.