अँथनी गोन्साल्विस : गाण्यातले नाव आणि वाद्यवृंदातला माणूस

पाचोऱ्याच्या बाजारपेठेत कोणालाही विचारा, ‘अमर अकबर अँथनी’तले अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचे गाणे त्याला ठाऊक असते. १९७७ च्या त्या चित्रपटाचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, आणि गाण्यात गाजलेले नाव प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे. शिष्याने दिलेली ती गुरुदक्षिणाच होती; पण तिच्यामुळे नाव घरोघर पोचले आणि माणूस मागेच राहिला. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे संगीतरचनाकार आणि वाद्यवृंदाचे संचालक होते. राग सिंफनी वाद्यवृंदात मांडण्याचे त्यांचे काम अर्धवट राहिले ते कल्पना कच्ची होती म्हणून नव्हे, तर तिला वर्षानुवर्षे सांभाळणारी संस्था नव्हती म्हणून.

गोव्यातल्या माजोर्डा गावी त्यांचा जन्म झाला. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. चर्चला जोडलेल्या शाळांमधून गोव्याच्या पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. ही विद्या घेऊन अँथनी १९४३ मध्ये मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वादकांत दाखल झाले. त्या काळी संगीतकार चाल बांधी. ती कोणत्या वाद्याने, कुठे, किती उचलायची हे कागदावर उतरवण्याचे काम अरेंजरचे. या कामात गोव्याचे वादक पुढे होते. अँथनींचे वेगळेपण असे, की त्यांना चित्रपटाबाहेर, मैफलीसाठी लिहायचे होते. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांचे आवाज त्याच्याशी जोडले.

राग सिंफनीत बसत नाही, हा या कल्पनेवरचा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे. अँथनींची एक रचना सारंग रागातला कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) होती. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य. पाश्चात्त्य हार्मनीचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचा, नेहमीचा पाया मात्र षड्ज, गंधार, पंचम या तीन स्वरांचा. म्हणजे पहिल्याच पायरीवर मधला स्वर हाती नसतो. शिवाय मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, एकट्या वादकाच्या बोटाला सुचते तशी सरकते. चाळीस व्हायोलिनांची बोटे एकाच वेगाने सरकवायची तर तीही लिहूनच द्यावी लागते. या अडचणी खऱ्याच, पण अडचण म्हणजे अशक्यता नव्हे. पेटीबद्दलही हाच युक्तिवाद झाला होता: तिला मींड येत नाही, तिचे सूर ठरीव. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदीही घातली. आज खानदेशातल्या कोणत्याही भजनी मंडळाला पेटीवाचून चालत नाही. परके वाद्य इथल्या गळ्याला जुळवून घ्यायला पिढ्यांचा सराव लागला, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार: कल्पना एवढी सकस होती, तर ती टिकली का नाही? याचे उत्तर पुढच्या घटनांत सापडते. १९७१ मध्ये रविशंकरांचा सतारीचा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित झाला तो आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर; ही संस्था १९०४ पासून उभी होती. मुंबईत एनसीपीए या प्रयोगकलांच्या संस्थेने २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला आणि २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांचा तबल्यासाठीचा ‘पेश्कार’ हा कॉन्चेर्टो त्याच वाद्यवृंदाने सादर केला. दोन्ही वेळी रचनाकाराच्या मागे नेमाने तालीम करणारे वादक होते. अँथनींच्या वादकांचे पोट मात्र चित्रपटाच्या रेकॉर्डिंगवर भरत होते. प्रतिभा एका माणसाची असू शकते. वाद्यवृंद एका माणसाच्या हिमतीवर फार काळ चालत नाही. १९६५ मध्ये सिराक्यूज विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तेव्हा हे काम पुढे नेणारे कोणी उरले नाही. पुढे ते माजोर्ड्यालाच परतले.

त्यांचे शिष्य प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन चित्रपटसंगीतात फार मोठे झाले, तोच त्यांचा वारसा, असे कोणी म्हणेल. तो वारसा खराच, पण अपुरा. गुरू म्हणून त्यांचे माप शिष्यांवरून घ्यावे. रचनाकार म्हणून ते त्यांच्या रचना ऐकूनच घेता येईल. आज मुंबईत व्यावसायिक वाद्यवृंद आहे, स्वरलेखन वाचणारे वादक आहेत, रागसंगीत आणि हार्मनी दोन्ही जाणणारे तरुण आहेत. त्यांच्याकडून सारंगाचा तो कॉन्चेर्टो आणि अँथनींचीच ‘सोनातिना इंडियाना’ ही रचना नेमाने वाजवून घेणे हीच त्यांची खरी दखल ठरेल. आणि तालुक्याच्या गावी संगीतावर खर्च करणाऱ्या मंडळांनीही यातून एक धडा घ्यावा: एका रात्रीच्या कार्यक्रमाला मिळणारी देणगी वर्षभराच्या तालमीला मिळाली, तरच गावात वादक तयार होतात.